कालव्याच्या काठाने

सायकलीवरून हळूहळू हिंडणे हा माझा जुना छंद आहे. मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर होतो तोवर या छंदास रविवारखेरीज सवड मिळत नसे. निवृत्त झाल्यापासून रोजची सकाळ माझी झाली आहे. माझी सायकल साधी, काळ्या रंगाची आहे. हवा भरावयाचा पंप, पंक्चर काढण्याचे सामान, पाण्याची बाटली आणि फडक्यात बांधलेली भाकरी एवढा सरंजाम कॅरिअरला अडकवला की मी निघालो! "गुरुजी, आज कोणत्या गावी?" असे वाटेत कोणी विचारले, तर गावाचे नाव मला बहुधा सांगता येत नाही. मी कालव्याच्या काठाने निघालेला असतो. पाणी जिकडे नेईल तिकडे जावयाचे, एवढाच माझा बेत असतो.

आमचा कर्जत तालुका सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेला आहे. पूर्वेस घाटाचा उभा कडा आहे. राजमाचीचे दोन बालेकिल्ले आणि कोथळीगडाचा सुळका तिकडे दुरूनही ओळखू येतात. पश्चिमेस माथेरानचा लांबच लांब डोंगर आडवा पसरला आहे. या दोहोंच्या मध्ये उल्हास नदीच्या खोऱ्यातील भाताची सपाट शेते आहेत. चढ नाही, उतार नाही. पायांना श्रम नाहीत आणि डोळ्यांना विसावा नाही. वाटेत वेणगाव लागले, तर १८५७ च्या संग्रामातील नानासाहेब पेशवे १८२४ साली याच गावी जन्मले हे आठवून क्षणभर पाय टेकावा. कोठे उंबराखाली घोटभर पाणी प्यावे. घाईने जाणाऱ्याला रस्ता तेवढा दिसतो. सावकाश जाणाऱ्याला मुलूख दिसतो.

पौष-माघाच्या दिवसांत कोकणातून हिंडू लागलात, तर बहुतेक शेते उघडी पडलेली आढळतील. भात कापून झालेले असते आणि वाळल्या धसांवर गुरे चरत असतात. परंतु कर्जतच्या काही गावांत याच दिवसांत दुसऱ्या भाताची लावणी चाललेली दिसते. नवख्या माणसाला हा चमत्कार वाटतो. पाऊस तर तीन महिन्यांपूर्वीच गेला. मग या चिखलाला पाणी कोठून आले? त्याचे उत्तर म्हणजे आमचा राजनाला कालवा. त्याच्या डाव्या-उजव्या फाट्यांनी आणि लहान चाऱ्यांनी पाणी गावोगाव पोचते, आणि एका वर्षात दोन वेळा भात पिकते.

या पाण्याची जन्मकथा मी वर्गात भूगोलाच्या तासाला फार वेळा सांगितली आहे, तुम्हांलाही सांगतो. घाटमाथ्यावर मावळात आंध्रा नावाची नदी आहे. तिचे पाणी पूर्वेकडे इंद्रायणीस मिळते. इंद्रायणी देहू-आळंदीवरून भीमेकडे जाते, भीमा पंढरपुरास चंद्रभागा म्हणून मिरवते, पुढे ती कृष्णेला मिळते आणि अखेर ते पाणी बंगालच्या उपसागरात पोचते. म्हणजे आमच्या डोक्यावर पडणारा तो पाऊस वारकऱ्यांच्या गावांवरून दूर पूर्वेस जावयाचा! पण टाटांच्या कंपनीने आंध्रा नदीवर ठोकरवाडी येथे धरण बांधले आणि साठलेल्या पाण्याचे तोंड पश्चिमेकडे वळवले. घाटाच्या कड्यावरून मोठमोठ्या नळांतून ते पाणी सुमारे ५०० मीटर खाली उतरते आणि भिवपुरीच्या वीजगृहातील चाके फिरवते. हे वीजगृह १९२२ साली सुरू झाले. येथे निर्माण झालेली वीज तारांवरून मुंबईकडे गेली. वीज गेली तरी पाणी मागे राहतेच. ते आटत नाही की नासत नाही. तेच पाणी पेज नदीत येते आणि राजनाल्यातून आमच्या शेतांत खेळते. शेते भिजवून उरलेले पाणी उल्हास नदीतून बदलापूर-कल्याणकडील शहरांची तहान भागवावयास जाते. एकाच पाण्याने दिवा लावला, भात पिकवले आणि तहान भागवली!

मात्र पाणी असे वळवण्यासाठी कोणाला तरी आपली जमीन सोडावी लागते, हे विसरता कामा नये. मावळातच मुळशी येथे असे धरण होऊ लागले तेव्हा, १९२१ साली, तेथील शेतकऱ्यांनी आपल्या जमिनींसाठी सत्याग्रह केला आणि सेनापती बापट त्यांचे पुढारी झाले. ते धरण झालेच. त्याचे पाणी भिऱ्याच्या वीजगृहाकडे येते. धरणाच्या पाण्यावर पिकणाऱ्या प्रत्येक शेताच्या मागे कोठेतरी बुडालेले एक शेत असते. म्हणून चारीतून पाणी वाया जाताना दिसले की मला मुळशीची आठवण होते.

कालव्याच्या काठाने जाण्यात एक गंमत आहे. कालव्याचा उतार फार थोडा असतो. किलोमीटरभर अंतर तोडताना पाणी वीतभर नाही तर हातभर खाली उतरते. डोळ्यांना तो उतार दिसत नाही, पायडलवरच्या पायांना कळत नाही. पण पाण्याला मात्र तो बरोबर उमगतो. टेकाड आले की कालवा त्याला वळसा घालतो. ओढा आला की त्याच्यावरून किंवा खालून वाट काढतो. मोजणीदारांनी किती काळजीने ही रेघ आखली असेल, असे मनात येते. माणसाच्या चालीहूनही मंद गतीने पाणी चाललेले असते. त्याच्या संगतीने सायकलही आपोआप मंदावते. मग काठच्या करंजावर बसलेला खंड्या दिसतो, बांधावरची टिटवी ओरडून चुगली करते आणि लावणी चाललेल्या चिखलात बगळ्यांची पंगत बसलेली आढळते.

परदेशांतही कालव्यांच्या काठी सायकली चालतात. फ्रान्सच्या दक्षिणेस 'कनाल द्यु मिदी' नावाचा कालवा १६८१ साली वाहतुकीस खुला झाला. काठाने घोडे चालत आणि दोरांनी नावा ओढून नेत. घोडे गेले, आज त्या वाटांनी लोक सायकलींवरून सहलीला जातात. तो कालवा नावांसाठी खणलेला, आमचा भातासाठी. आमच्या काठची वाट अरुंद आहे, कोठे भराव खचलेला असतो, कोठे म्हशी वाट अडवून उभ्या असतात. अशा ठिकाणी सायकलीवरून उतरून ती हाताने धरून न्यावी, हेच शहाणपणाचे. खोल पाण्याच्या कडेने मुलांनी तर मोठ्या माणसांवाचून जाऊच नये.

गेल्या माघातील एक सकाळ माझ्या चांगली ध्यानात राहिली आहे. मी कालव्याच्या वरच्या अंगाने निघून उन्हे चढेपर्यंत एका फाट्याच्या अगदी शेवटास आलो होतो. तेथे एक वयस्क बाई बांधावर बसल्या होत्या. त्यांच्याजवळ आवणाच्या जुड्या ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवलेल्या होत्या. शेत नांगरून तयार होते; पण चारीत मात्र कोरडी भेग.

मला पाहताच त्या उभ्या राहिल्या. "गुरुजी, वरून आलात ना? पाणी कुठवर आलंय?"

मी म्हणालो, "ताई, आंब्याजवळच्या मोरीपर्यंत चांगले भरून आहे. मोरीच्या पुढे मात्र धार बारीक झाली आहे. तेथे दाराशी कोणी गोणी आणि दगड टाकलेले दिसले."

"तरीच!" त्या म्हणाल्या. "पाळी कालची होती आमची. आवण उपटून ठेवलंय. आज नाही लावलं तर पिवळं पडेल. वरच्यांची शेतं भरतात, मग त्यांना वाटतं की पाणी सगळीकडं पोचलं."

आपला मुलगा पाटकऱ्याला शोधावयास गेला आहे, असे त्यांनी सांगितले. मी सायकल वळवली आणि आल्या वाटेने मोरीकडे गेलो. पाटकरी आणि तो मुलगा तेथे येऊन पोचलेच होते. पाटकरी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या वयाचा होता. गोणी उचलीत तो म्हणाला, "गुरुजी, चाळीस दारं आहेत आणि मी एकटा. एका दाराशी उभा राहिलो की दुसरं कुणीतरी अडवतं." वरच्या शेताचा मालकही आला. त्याच्या शेतात घोटाभर पाणी उभे होते. तो थोडा ओशाळला, आणि काही न बोलता शेवटचा धोंडा त्याने स्वतःच बाजूला केला.

मी पुन्हा खाली आलो आणि बांधावर बसून राहिलो. सुमारे तासाभराने चारीच्या वळणावर पाणी दिसले. प्रथम वाळका पाला, गवताच्या काड्या आणि फेस पुढे ढकलीत एक बारीकशी जीभ आली. भेगांत ती मुरे, थांबे, पुन्हा पुढे सरके. दोन बगळे तिच्या पुढे पुढे चालत होते. पाण्याने बिळांतून हुसकलेले किडे ते टिपीत होते. पाणी शेताच्या तोंडाशी आले तेव्हा त्या बाईंनी वाकून ते ओंजळीत घेतले, शेतात शिंपडले आणि पदर खोचून सरळ लावणीस आरंभ केला. माझ्याशी बोलावयास त्यांना आता वेळ नव्हता. मीही सायकल उचलली.

त्या दिवसापासून मी एक नियम पाळतो. कालव्याच्या काठाने जावयाचे ते नेहमी वरून खाली, आणि डोळे उघडे ठेवून. कोठे भराव झिरपतो आहे, कोठे चारीत गाळ साचला आहे, कोणते दार अडले आहे, हे खालच्या गावांना सांगावयाचे. मोटारसायकलीवरून भरधाव जाणाऱ्याला हे दिसत नाही.

अधूनमधून मी खालापूर तालुक्यातही जातो. पळसदरीवरून, खोपोलीच्या आगगाडीच्या फाट्याच्या आसपासच्या गावांतून केळवली, डोलवली, लौजी करीत खोपोली गाठतो. तेथेही तीच कथा आहे. लोणावळ्याकडील धरणांचे पाणी घाटाखाली आणून खोपोलीचे वीजगृह १९१५ साली सुरू झाले आणि मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर चालू लागल्या. चाके फिरवून झालेले पाणी पाताळगंगेत येते, आणि उन्हाळ्यात कोकणातील इतर नद्या आटतात तेव्हाही ही नदी खालापुराजवळून वाहताना दिसते. नाना फडणीसांनी बांधलेल्या खोपोलीच्या तळ्याकाठी भाकरी सोडावी आणि उन्हे कलती झाली की परतीची वाट धरावी.

अलीकडे या वाटेवर एक बदल मला जाणवतो. कालव्याच्या काठची काही शेते विकली गेली आहेत. तेथे कुंपणे पडली, बंगले उभे राहिले, हिरवळी आल्या. कोणी आपली जमीन विकावी की राखावी हे ज्याचे त्याने ठरवावे. घरातील अडचण घरच्यांनाच ठाऊक असते. परंतु मधल्या शेताची चारी बुजवली गेली, तर तिच्या पुढच्या चार शेतांचे पाणी तुटते. चारी एकाच्या जमिनीतून जात असली तरी ती एकाची नसते. ती पुढच्या सर्वांची असते.

मुलांनो, तुमच्या गावाजवळून कालवा, पाट किंवा साधा ओहोळ जात असेल. एखाद्या सुटीच्या दिवशी वडील माणसांबरोबर त्याच्या काठाने सावकाश जा. पाणी कोठून येते ते विचारा, कोठे संपते ते पाहा. शेवटच्या शेतापर्यंत मात्र अवश्य जा. कालवा चांगला चालला आहे की नाही, याची परीक्षा त्याच्या उगमाशी होत नाही. ती तेथे, शेवटच्या बांधावर होते.