सशांचा भुईकोट

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं आपल्याकडे म्हणतात. मी दोन्ही पाहिली. दोन्ही अजून उभी आहेत. डागडुजी मात्र सतत चालू असते. पण ही म्हण ज्याने रचली, त्याने सशांसाठी अंगणात जागा केलेली नसावी. नाहीतर घर आणि लग्न असली किरकोळ कामं त्याने म्हणीत घेतलीच नसती.

आमच्याकडे ससे आले ते दिवाळीत. मुलगा पुण्याला चौथ्या मजल्यावर राहतो. नातीच्या वाढदिवसाला कुणा उदार माणसाने दोन पांढरे ससे भेट दिले. त्यांनी तीन महिन्यांत फ्रिजची वायर, सोफ्याचा पाय आणि सूनबाईंचा धीर कुरतडून संपवला. दिवाळीला मंडळी आली, ती जाताना फराळाचे भरलेले डबे घेऊन गेली आणि एक खोकं ठेवून गेली. "आत पेढा आणि बर्फी आहे," एवढंच माझ्या कानावर आलं होतं. मधुमेही माणसाने चोरून उघडलेल्या खोक्यातून चार लाल डोळे त्याच्याकडे बघू लागले, तर त्याचं काय होईल, ते माझं झालं.

गाडीत बसताना नात म्हणाली, "आजोबा, त्यांना कोंडून नका ठेवू हं. आणि त्यांना काही होऊ पण देऊ नका."

बांधकामाच्या कचेरीत आरेखक म्हणून मी बत्तीस वर्षं सरकारी परिपत्रकं वाचली. पण एकमेकींना छेद देणाऱ्या दोन अटी इतक्या थोड्या शब्दांत घातलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. मी "बरं" म्हणालो. परिपत्रकालाही आम्ही तेच म्हणत असू.

आता आमचा जिल्हा शेळीचा. २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं, पाट्या बदलल्या, शिक्के बदलले. पण शेळी अजून उस्मानाबादीच आहे. काळी, काटक, एका वेताला बऱ्याचदा दोन करडं देणारी. अशा मुलखात ससे पाळणारा माणूस म्हणजे पैलवानांच्या आळीत भरतकाम करणारा. गल्लीतल्या शेळ्यावाल्या मावशी दुसऱ्याच दिवशी बघायला आल्या.

"ह्येंचं दूध किती निघतंय ओ?"

"दूध नाही निघत, मावशी."

"मग लोकर?"

"तीही नाही."

"मग कापायचे हायेत का?"

"छे छे!"

मावशींनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि हिला म्हणाल्या, "रिटायर झाल्यावर हुतं कुणाकुणाला असं. मनावर घिऊ नगा."

मुक्त आणि सुरक्षित, या दोन अटींत बसणारी जागा शोधायला मी लागलो. पहिल्या दिवशी कोंबड्यांचं डालगं पालथं घातलं. सशांनी संध्याकाळपर्यंत बांबूच्या दोन काड्या खाल्ल्या आणि उरलेलं डालगं डोक्यावर घेऊन ते फिरू लागले. मग हार्डवेअरच्या दुकानातून षट्कोनी भोकांची कोंबडीजाळी आणली. चार बांबू रोवले, जाळी गुंडाळली, वरून जुनी साडी टाकली. शेजारच्या मास्तरांनी पाहणी करून विचारलं, "आणि वाघ आला तर?" प्रश्न अगदीच हवेतला नव्हता. यवतमाळकडच्या टिपेश्वरहून निघालेला एक वाघ २०२४ च्या डिसेंबरात आमच्या येडशी-रामलिंगच्या अभयारण्यात येऊन पोहोचला होता. तेव्हापासून मास्तर भाजीलासुद्धा काठी घेऊन जातात. मी मनात म्हटलं, साडेचारशे-पाचशे किलोमीटर चालून आलेला वाघ माझ्या पेढ्यावर भूक भागवणार नाही.

वाघ आला नाही. मुंगूस आलं.

तिन्हीसांजेची वेळ. हिने ओरडून हाक मारली तेव्हा जाळीच्या बुडाशी वीतभर माती उकरलेली होती, साडी खाली पडली होती, आणि एक तपकिरी शेपटी कुंपणाबाहेर जाताना मला दिसली. पेढा तुळशीवृंदावनामागे अंग चोरून थरथरत बसला होता. बर्फी नव्हती.

बॅटरी घेऊन आम्ही रात्री अकरापर्यंत अंगण पालथं घातलं. मी मनातल्या मनात फोनवरची वाक्यं जुळवत होतो. बर्फी मावशीकडे राहायला गेलीय. बर्फी शिकायला बाहेरगावी गेलीय. एकही वाक्य आठ वर्षांच्या पोरीला पटण्यासारखं नव्हतं. तिचा बापही असाच होता. थापा चालत नसत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, तेव्हा तो चार वर्षांचा होता. तिकडे लोहारा-उमरग्याकडे गावंच्या गावं बसली. आमचं घर उभं राहिलं, पण आत झोपायचं धैर्य कुणाला होईना. कित्येक रात्री आम्ही याच अंगणात सतरंजीवर काढल्या. "बाबा, घर चावतं का?" असं त्याने विचारलं होतं. मी म्हणालो होतो, "नाही रे." आणि तरीही त्याला आत नेत नव्हतो. त्या वेळी सुरक्षित जागा म्हणजे डोक्यावर छप्पर नसलेली जागा. आता त्याच अंगणात छप्पर नव्हतं म्हणून मी घाबरलो होतो.

सकाळी ही धुणं धुवायला गेली, तर दगडाखालून मातीने माखलेलं एक नाक बाहेर आलं. बर्फीने दगडाखाली हातभर बीळ खणलं होतं आणि रात्र त्यात काढली होती. हिने तिला उराशी धरलं. मी चष्मा पुसत राहिलो. धुळीने तो फारच खराब झाला होता.

चूक कुठे झाली, ते मग कळलं. मी ससा पाहिला होता तो बालाघाटाच्या माळावरचा. तो बीळ करत नाही. गवतात अंग टेकायपुरता खळगा करतो आणि संकट आलं की पायांवर भरवसा ठेवतो. त्याला धरणं-पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. हे पांढरे पाळीव ससे मूळचे युरोपातले, जातच निराळी, आणि खणणं हा त्यांचा पिढीजात धंदा. मराठीत दोघांनाही आपण ससाच म्हणतो. एका शब्दाची काटकसर, आणि इकडे माझी बर्फी जाता जाता राहिली.

मग मात्र मी टेबलावर कागद पसरला. किल्ले कुठे शिकायचे, तर आमच्याच जिल्ह्यात. परंड्याचा किल्ला सपाट जमिनीवरचा भुईकोट. डोंगराचा आधार नाही, म्हणून भोवती खंदक. नळदुर्गाला बोरी नदीचं पाणी अडवून घेतलेलं. म्हणजे शत्रू तटावरून येतो, तसा तळातूनही येतो, हे जुन्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. मला कळायला एक मुंगूस लागलं.

कोंबडीजाळी बाद केली. ती कोंबडीला आत ठेवते. कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. तिच्या जागी अर्ध्या इंचाची, वेल्डिंग केलेली जाड जाळी आणली. खाली ती बाहेरच्या अंगाला दीड फूट वळवून मातीत पुरली. म्हणजे मुंगूस उकरायला बसलं की पायाखाली जाळीच. आतल्या बाजूलाही तळाशी जाळी आणि वर माती, कारण आमचे कैदीही खाणकामात तयार. घार आणि मांजर यांच्यासाठी वरून जाळी. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच. सशाला चार उड्या सलग मारता याव्यात आणि मागच्या पायांवर उभं राहून जगाची पाहणी करता यावी. जागा घराच्या पूर्वेला, म्हणजे दुपार कलली की भिंतीची सावली. सशाला घाम येत नाही, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. सुतार म्हणाला, "वर पत्रा टाकू." मी म्हटलं, "ससे पाळायचेत, भाजायचे नाहीत." वर कडब्याच्या पेंढ्या आल्या. आत लपायला लाकडी खोकं, त्याला दोन दारं. कारण जाळी कितीही पक्की असली, तरी पलीकडे भुंकणाऱ्या कुत्र्याच्या नुसत्या धास्तीनेही ससा मरू शकतो. रात्री मात्र मुक्काम घरात.

एवढा बंदोबस्त करून पहिल्या आठवड्यात दोनदा ससे बाहेर सापडले. तट शाबूत होता. अनेक किल्ल्यांची कथा हीच आहे: तट पडत नाही, आतलं कुणीतरी दार उघडतं. आमच्या भुईकोटातला फितूर मीच निघालो. गवत टाकून यायचो आणि कडी लावायला विसरायचो. हिने सुताराला परस्पर बोलावून दार आपोआप मिटेल आणि कडी आपोआप पडेल अशी योजना करून घेतली. माझ्यावरचा अविश्वास बिजागरीसकट एकशे ऐंशी रुपयांत बसला.

मे महिन्यात नात आली. जाळी हलवून पाहिली, माती उकरून पाहिली, खोक्याची दोन्ही दारं पाहिली. मग म्हणाली, "आजोबा, तुम्ही आत जाऊन बघितलंत का? कोंडल्यासारखं वाटतं का ते?"

आतून कधी पाहिलं नव्हतं. मी रांगत आत गेलो. मागे दार मिटलं आणि कडी पडली. योजना उत्तम होती. नात कडी उघडायचं सोडून आजीला गंमत दाखवायला घरात पळाली. नेमक्या त्याच वेळी मावशी शेळ्या घेऊन गल्लीतून चालल्या होत्या. त्या थांबल्या. शेळ्याही थांबल्या.

"ह्यो कंच्या जातीचा म्हनायचा?" मावशींनी विचारलं.

मी उत्तर देणार, एवढ्यात बर्फी माझ्या गुडघ्यापाशी आली, जरा घुटमळली आणि धपकन कुशीवर आडवी पडली. ससा असा पाय पसरून लोळला, की त्याला भीती वाटत नाहीये असं समजावं. मी हालचाल बंद केली.

दारात ही येऊन उभी राहिली. नात म्हणाली, "आजी, उघडू कडी?"

"राहू दे अर्धा तास," ही म्हणाली. "मला तरी जरा मोकळं वाटू दे."