कुलवृत्तांतात नसलेली नोंद

पेशीला वाढायला लावणारी काही जनुकं असतात, तशी तिला आवरणारीही असतात. स्वादुपिंडाच्या, म्हणजे पँक्रियाच्या, कॅन्सरमध्ये केरास नावाचं वाढीचं जनुक बहुतेक रुग्णांत सतत चालू राहतं आणि आवरणारी एकेक करून गप्प होतात. पी-१६ हे त्यातलं एक. सुमारे ९० टक्के गाठींत ते निकामी झालेलं असतं. कधी जनुक गळूनच जातं, तर कधी ते शाबूत असूनही त्यावर रासायनिक खुणा बसतात आणि पेशीला ते वाचताच येत नाही. दुसरं जनुक १९९६ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या शास्त्रज्ञांना सापडलं. त्याला आज स्मॅड-४ म्हणतात. जवळजवळ निम्म्या गाठींत ते हरवलेलं असतं.

आम्हां भावंडांना हे सगळं कळलं ते दादाच्या दुखण्यामुळं. पोटात फारसं दुखत नव्हतं, फक्त डोळे पिवळे झाले होते. निदान झाल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "घराण्यात आणखी कुणाला होता?" आम्ही सांगलीला आत्याला फोन लावला. ती बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "अरे, तुमचे आजोबा काविळीनं गेले असंच आम्ही सांगायचो. पण पोटात गाठ होती. आमची लग्नं व्हायची होती, कुठं बोलणार?"

तिचंही खरंच होतं. त्या काळी असं बोललं की स्थळं फिरकत नसत.

गाठीतले बहुतेक बिघाड आयुष्यात नंतर होतात, ते मुलांकडे जात नाहीत. पण दहातल्या एखाद्या रुग्णात बीआरसीए-२ किंवा एटीएमसारख्या जनुकातला दोष जन्मापासूनच असतो. म्हणूनच २०१९ पासून अमेरिकेत या रोगाच्या प्रत्येक रुग्णाची आनुवंशिक तपासणी करावी अशी शिफारस आहे. दादाच्या रक्तात बीआरसीए-२चा दोष निघाला. मग आम्हीही तपासून घेतलं. दोघांना नाही, ताईला आहे. तिचा आता दरवर्षी एमआरआय होतो. दादा चौदा महिन्यांनी गेला.

आपल्याकडे कुलवृत्तांत छापतात. त्यात गोत्र, जन्मसाल, शिक्षण, सासर-माहेर सगळं असतं. कोण कशानं गेलं, हे मात्र नसतं. मंडळी, पुढच्या भारतवारीत आत्या-मावशांजवळ निवांत बसा. कोण कितव्या वर्षी, कशानं गेलं ते विचारा आणि लिहून आणा. "काविळीनं गेले" म्हणाल्या, तर आणखी एक प्रश्न विचारा. आमच्या मुलांसाठी आम्ही तशी वही केली आहे. पहिली नोंद आजोबांची आहे.