अल्मुन्येकारचा किनारा

युरोपातील समुद्रकिनाऱ्याची सहल म्हटली की आपल्या घरांत दोन शंका लगेच निघतात. एक खर्चाची आणि दुसरी खाण्यापिण्याची. आम्ही चौघी जुन्या मैत्रिणी, दोघी नोकरीमुळे परदेशात आणि दोघी कोकणात. गेल्या ऑक्टोबरात स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर सात दिवस एकत्र राहून आलो. दोन्ही शंकांची उत्तरे तिथे मिळाली आणि न विचारलेल्या एका प्रश्नाचेही.

गाव निवडले ते अल्मुन्येकार. मालागाच्या विमानतळापासून पूर्वेला सुमारे 80 किलोमीटर. मालागाहून बस मिळते आणि रस्ता बराचसा समुद्राच्या कडेने जातो. ऑक्टोबरात उन्हाळ्याची गर्दी ओसरलेली असते, त्यामुळे घरभाडे उतरते. पाणी मात्र अजून उबदार असते. आम्हाला दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असलेले घर रात्रीला 60 युरोंत मिळाले, म्हणजे माणशी 15. स्पेनमध्ये 1988 च्या कायद्याने समुद्रकिनारा सार्वजनिक मालकीचा आहे. खुर्ची आणि छत्री भाड्याने घेतली तर पैसे पडतात, आपली चटई अंथरली तर काही नाही. आम्ही चटई अंथरली. वाळू मात्र आपल्या गुहागर-गणपतीपुळ्यासारखी मऊ नाही. काळपट आणि खडेदार आहे, चपला हव्यातच.

कपड्यांचा संकोच पहिल्याच दिवशी गेला. आम्ही लांब कुडते आणि ओढण्या घेऊन बसलो होतो. एकीने पूर्ण अंगाचा पोहण्याचा पोशाख आणला होता, ती मनसोक्त पोहली. कोणी वळून पाहिले नाही.

खाण्याचे म्हणाल तर समुद्रच मदतीला आला. मालागाच्या किनाऱ्यावर वाळूने भरलेल्या जुन्या होडीत लाकडे पेटवतात आणि त्याच्या धगीवर काडीला ओवलेल्या तारल्या भाजतात. त्याला म्हणतात एस्पेतो. वर फक्त जाडे मीठ. ज्या महिन्यांच्या नावात 'र' नाही त्या महिन्यांत, म्हणजे मे ते ऑगस्ट, तारली सर्वांत चांगली, असे तिथले लोक सांगतात. आम्ही ऑक्टोबरात खाल्ली तरी बोटे चाटली. बाकी दिवस घरी डाळभात, अंडी आणि बाजारातली मासळी. पाव आणि बिस्किटे घेताना वेष्टनावर दोन शब्द पाहायचे: 'सेर्दो' म्हणजे डुक्कर आणि 'मांतेका', जी बहुतेक वेळा डुकराची चरबी असते. हे दोन शब्द पाठ झाले की निम्मी काळजी मिटते. हलाल मांस हवे तर मोरोक्कोच्या लोकांची दुकाने आहेत.

मंडईत फिरताना आम्हाला सीताफळासारखे फळ दिसले, फक्त साल गुळगुळीत. नाव चिरिमोया. मूळ दक्षिण अमेरिकेचे, सीताफळाच्याच कुळातले, आता या किनाऱ्याचे खास पीक. शेजारी आंब्यांचे ढीग. युरोपात आंबा पिकतो, कारण उत्तरेकडचे थंड वारे सिएरा नेवाडाचे डोंगर अडवतात. त्यातले सर्वांत उंच शिखर मुलासेन, 3,479 मीटर. हे नाव ग्रॅनडाचे सुलतान मौलाय हसन यांच्यावरून पडले. ऊसही या किनाऱ्यावर अरबांनीच आणून रुजवला. 2006 पर्यंत इथल्या कारखान्यात उसाची साखर निघत होती.

मग आम्हाला शब्दांचा नाद लागला. साखर 'आसुकार', तेल 'असेइते', तांदूळ 'अर्रोस', तिन्ही अरबीतून आलेले. मालागाचा किल्ला 'अल्कासाबा', म्हणजे अल-कसबा. तोच शब्द आपल्या कसबा संगमेश्वरात आणि पुण्याच्या कसबा पेठेत. बेकरीतल्या आजीबाई रोज आभाळाकडे पाहून 'ओखाला' म्हणायच्या. असे घडो, या अर्थाचा हा शब्द अरबीतल्या 'अल्लाहने इच्छिले तर' या बोलातून आला. आजीबाईंना ते ठाऊक नव्हते. आम्ही सांगितले तेव्हा त्या हसल्या आणि पावाबरोबर दोन गोड पुऱ्या जास्त दिल्या.

गावाच्या किनाऱ्यावर एक पुतळा आहे, अब्दुर्रहमान पहिला याचा. 750 मध्ये दमास्कसची उमय्या सत्ता अब्बासींनी उलथवली आणि त्या घराण्याच्या माणसांना शोधून मारले. हा तरुण आणि त्याचा धाकटा भाऊ फुरात नदीत उडी टाकून निघाले. भाऊ अर्ध्यातून परत फिरला आणि मारला गेला. अब्दुर्रहमान पोहून पार झाला. पुढे सुमारे पाच वर्षे तो उत्तर आफ्रिकेत आईच्या बर्बर नातलगांच्या आसऱ्याने राहिला आणि 755 मध्ये याच गावी, तेव्हाच्या अल-मुनक्कबला, होडीतून उतरला. वय पंचविशीच्या आत. पुढच्या वर्षी त्याने कुर्तुबा घेतले, आणि तिथली जगप्रसिद्ध मशीद बांधायला सुरुवात केली तीही त्यानेच.

पुतळ्यापाशी आमच्यात वाद झाला. एक मैत्रीण गप्प झाली होती. ती म्हणाली, "केवढे होते आणि काय राहिले!" तिचे दुःख खोटे नव्हते. 1487 मध्ये मालागा पडले तेव्हा तिथल्या बहुतेक रहिवाशांना गुलाम करून विकले, आणि 1609 पासून उरल्यासुरल्या मुस्लिम वंशाच्या लाखो लोकांना देशाबाहेर काढले. दुसरी म्हणाली, "बाई, गेलेल्या राज्यासाठी रडायला आपण इतक्या लांब आलो का? राज्ये येतात, जातात. हा मुलगा इथे उतरला तेव्हा राजा नव्हता, जीव वाचवून पळालेला पाहुणा होता."

त्या बोलण्याचा अर्थ आम्हाला दोन दिवसांनी कळला. हलाल मांसाच्या दुकानदाराने आम्ही हिंदुस्थानातून आलो हे ऐकून चहा दिला, पुदिन्याचा, भरपूर गोड. त्याने सांगितले की तरुणपणी तो याच समुद्रातून रात्री एका लहान होडीने आला. होडीतले सगळे पोहोचले नाहीत. एवढे सांगून तो गिऱ्हाइकाकडे वळला. जवळच्या मोत्रिल बंदरात आजही समुद्रातून वाचवलेली माणसे आणतात. आम्ही ज्या पाण्यात पाय बुडवून चिरिमोया खात होतो, त्याच पाण्यात कोणाची तरी मुले बुडाली होती.

त्या संध्याकाळी मगरिबची नमाज आम्ही किनाऱ्यावरच पढलो. कोकणात किब्ला पश्चिमेला, समुद्राकडे. इथे तो पूर्वेला, समुद्र उजव्या हाताला. म्हणजे आमचे घर काबेच्या पलीकडे, आणि घरून नमाज पढताना हा किनारा काबेच्या पलीकडे. दुआ मागताना गप्प राहिलेल्या मैत्रिणीने आधी बुडालेल्यांसाठी मागितली, मग दुकानदारासाठी, मग आपल्या घरच्यांसाठी. कुर्तुब्याचे नाव त्यात आले नाही. त्यावर तिने काही सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय प्रवास विमा लागतो. अर्ज वेळेवर करा. जुलै-ऑगस्ट टाळा. चार जणी असाल तर घर स्वयंपाकघराचे घ्या. मसाले आम्ही घरून नेले होते. शेवटच्या दिवशी उरलेला गरम मसाला दुकानदाराच्या बायकोला दिला, तिने बदल्यात पुदिन्याची जुडी दिली.