किंमत : शून्य

आपल्याकडे झाडाची किंमत कळायची वेळ एकच. ते तोडायला निघालं की! तोवर त्याची कुणी वास्तपुस्त करत नाही. विद्वान मंडळींनी मात्र हिशेब मांडून ठेवले आहेत. १९७९ साली कलकत्त्याचे प्राध्यापक टी. एम. दास यांनी सांगितलं, की झाड पन्नास वर्षांत पंधरा लाखांहून जास्त रुपयांचं काम करतं. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीचं सूत्र उजेडात आलं : झाडाचं वय गुणिले ७४,५०० रुपये. म्हणजे महिना सहा हजार दोनशे. त्यात रजा नाही, बढती नाही, संपाची धमकी नाही.

समाजाची पाहणी करणारे याच्याही पुढचे. ते झाड सोडून माणसालाच विचारतात, 'हे झाड राखायला किती द्याल?' किंवा 'तोडू द्यायला किती घ्याल?' असे प्रश्न जगभर विचारले गेले आणि घ्यायचा आकडा द्यायच्या आकड्याहून बहुधा कितीतरी मोठा निघाला. बैल विकून पुन्हा बैल घेतलेल्या कुणालाही हे फुकटात सांगता आलं असतं!

आमच्या वालूरला जुन्या बारवा आहेत, पण जंगल म्हणाल तर औषधालासुद्धा नाही. बांधावरच्या बाभळी आणि दारापुढचा लिंब, एवढंच आमचं अरण्य. तिथे एकदा असाच एक तरुण फॉर्म घेऊन आला. पारावर आबा बसले होते.

"आबा, हा लिंब राखायला वर्षाला किती द्याल?"

"कामून? तुमचा हाय का?"

"नाही हो, समजा. बरं, तोडायचा झाला तर किती घ्याल?"

आबांनी पानाला चुना लावला. "पोरा, वडील हायेत का तुला?"

"आहेत की."

"कितीला देतूस?"

तरुणाने मुकाट्याने रकान्यात शून्य लिहिलं. शेजारच्या लाकडाच्या ठेकेदाराने बुंध्याकडे एकदाच पाहिलं आणि तीन हजार सांगितले. कागदावर लिंबाची खरी माया ठेकेदारालाच!

या शास्त्रात असल्या उत्तराला निषेधाचं शून्य म्हणतात आणि पुष्कळदा ते हिशेबातून गाळतात. म्हणजे ज्याला झाड विकायचंच नाही, त्याचं मतच बाद. १९७०च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक सह्याद्रीतल्या देवरायांची नोंद करत हिंडले. कितीतरी राया अशा, की वाळकी काटकीही घरी न्यायची नाही, देव कोपेल. तिथे दर विचारला असता, तर सगळी शून्यंच भरली असती. आणि रान मात्र शाबूत होतं.

उद्या रस्ता रुंद करायची फाईल उघडली, तर तिच्यात आबांचं शून्यच दिसणार. कुऱ्हाडीला तेवढं पुरतं. म्हणून पाहणीवाल्यांना हात जोडून विनंती : फॉर्मवर एक रकाना वाढवा, 'विकायचं नाही'. छपाईला पैसे कमी पडले, तर आबांकडे मागा. त्याला ते नाही म्हणायचे नाहीत.