दाभोळच्या घरातले दोन हिरवे

गुहागरकडून दाभोळला जायचे तर धोपाव्याला गाडीसकट फेरीबोटीत चढावे लागते. वाशिष्ठीची खाडी ओलांडताना माडांत दडलेले गाव आणि आदिलशाही काळातल्या मशिदीचा भला मोठा घुमट जवळ येत जातो. दरवेळी मी तेच पाहत बसते. या खेपेला मात्र रंगाची दोन कार्डे उन्हात धरून बसले होते.

रमजानआधी अम्मीची खोली रंगवायची होती. चिपळूणच्या दुकानात ट्यूबलाइटखाली दोन्ही हिरवे सारखेच वाटले, म्हणून दोन्हींचे लहान डबे घेतले. खाडीवरच्या उन्हात फरक कळला. एकात पिवळ्याची झाक होती, भाताच्या कोवळ्या रोपासारखी. दुसऱ्यात निळ्याची.

रंगारी म्हणाला, "कार्डावर जाऊ नका. समोरासमोरच्या दोन भिंतींवर दोन-दोन फुटांचे चौकोन काढा, दोन हात द्या आणि सुकू द्या. ओला आणि सुका रंग एक दिसत नाही."

तसे केले. फजरला दोन्ही राखाडी दिसले. जोहरला अंगणातली तांबडी माती आणि जांभ्याचा गडगा यांची ऊब खोलीत आली आणि निळसर हिरवा मळकट वाटू लागला. मगरिबनंतर ट्यूब लावली, तर तोच दवाखान्यासारखा थंडगार!

दुसऱ्या दिवशी अम्मीला विचारले. महिन्यापूर्वी डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला. त्यात औषध घालून तो मिटून बसली होती. म्हणाली, "दोन्ही एकच तर आहेत, बेटा. उगीच पैसे घातलेस."

थोड्या वेळाने डोळा उघडला आणि ती चमकली. "हा तर निळा आहे!" मग स्वतःच एकेक डोळा झाकून पाहत राहिली. मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग पिवळट होते आणि निळा रंग आत नीट पोचत नाही. "उजवा चांगला आहे, त्याला हात लावू नका," असे ती सगळ्यांना सांगत आली होती. रोजची तिलावत ती कधीपासून पाठ असलेल्या सूरांवरच भागवत होती, हे त्या दुपारी कळले.

"भिंत राहू दे तशी," अम्मी म्हणाली. "हा डोळा झाला की मीच सांगते कोणता."

परतीच्या बोटीवर ती माझ्या शेजारी बसली होती. चिपळूणला डॉक्टरांकडे जायचे होते.