नवा पुरावा आणि जुनी चिठ्ठी

कौटुंबिक वैद्यकात, म्हणजे आजोबांच्या रक्तदाबापासून नातवाच्या जुलाबापर्यंत सारे एकाच दवाखान्यात पाहणाऱ्या डॉक्टरच्या व्यवसायात, नव्या संशोधनाची खरी कसोटी नवे औषध सुरू करताना लागत नाही. ती वर्षानुवर्षे चाललेले औषध बंद करताना लागते. नव्या गोळीमागे औषध कंपनीचा प्रतिनिधी असतो, नमुन्याची पाकिटे असतात, परिषदांतली व्याख्याने असतात आणि काहीतरी नवे मिळाल्याचे रुग्णाचे समाधानही असते. थांबवायच्या गोळीमागे यांपैकी कोणीच उभे नसते. म्हणून पुरावा व्यवहारात कसा उतरतो हे जाणून घ्यायचे, तर चिठ्ठीत काय वाढले यापेक्षा चिठ्ठीतून काय गेले हे पाहणे अधिक उपयोगाचे.

ॲस्पिरिनचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या किंवा स्टेंट बसवलेल्या रुग्णाला ही गोळी द्यावी, याविषयी फारसा वाद नाही. यालाच दुय्यम प्रतिबंध म्हणतात. परंतु ज्याला असे काहीच झालेले नाही, त्यानेही वय झाले म्हणून ‘रक्त पातळ करायची गोळी’ रोज घ्यावी, हा प्राथमिक प्रतिबंधाचा रिवाज दीर्घकाळ चालत आला. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका या देशांतल्या 19,114 वृद्धांवर झालेल्या, ‘ॲस्प्री’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीचे निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा या रिवाजाचा पाया डळमळला. तिच्यात सहभागींना चिठ्ठ्या टाकल्यासारख्या यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागून एका गटाला 100 मिलिग्रॅम ॲस्पिरिन आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी औषधविरहित गोळी दिली होती. स्मृतिभ्रंश किंवा कायमचे परावलंबित्व न येता माणूस किती काळ जगतो, हे चाचणीचे मुख्य मोजमाप होते आणि त्यात दोन्ही गटांत फरक पडला नाही. गंभीर रक्तस्राव मात्र ॲस्पिरिनच्या गटात 3.8 टक्के, तर दुसऱ्या गटात 2.8 टक्के लोकांना झाला. येथे लक्षात घ्यावे असे की मोजमाप रक्तातल्या एखाद्या आकड्याचे नव्हते. ज्याची म्हाताऱ्या माणसाला खरोखर धास्ती असते, त्याचेच ते होते, आणि म्हणूनच निष्कर्षाला दवाखान्यात वजन आले.

तरीही निष्कर्ष छापून येणे आणि गोळी सुटणे यांत बरेच अंतर राहते. चाचणीने प्रामुख्याने गोळी नव्याने सुरू करण्याचा प्रश्न सोडवला होता, तर डॉक्टरसमोर बसलेल्या पंचाहत्तरीच्या गृहस्थांची गोळी दहा वर्षांपूर्वीच सुरू झालेली असते. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवाविषयक कृती दलाने 2022 मध्ये साठीनंतर ती नव्याने सुरू करू नये असे सांगितले आणि पंचाहत्तरीच्या सुमारास थांबवण्याचा विचार करता येईल असेही सुचवले. पण ‘विचार करता येईल’ हे शब्द घेऊन डॉक्टर रुग्णापुढे जातो, तेव्हा ‘बंद केली आणि उद्या झटका आला तर?’ हा प्रश्न ठरलेलाच असतो. झटका आला, तर तो डॉक्टरच्या नावावर जमा होतो. जो रक्तस्राव झालाच नाही, त्याचे श्रेय कोणाच्याच खात्यात जात नाही. शिवाय तोच निष्कर्ष वर्तमानपत्राच्या मथळ्यातून फिरत जाऊन स्टेंटवाल्या शेजाऱ्यापर्यंत पोहोचतो आणि तो परस्पर गोळी सोडतो, हा उलटा धोकाही असतोच.

घसादुखीच्या बाबतीत संशोधनाने डॉक्टरच्या हाती नुसता निष्कर्ष न देता एक रीतच दिली. इंग्लंडमधील साउथहॅम्प्टनचे कौटुंबिक डॉक्टर पॉल लिटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत घसा दुखणाऱ्या सातशेहून अधिक रुग्णांचे तीन गट केले होते: पहिल्याला लगेच दहा दिवसांचे पेनिसिलीन, दुसऱ्याला प्रतिजैविक अजिबात नाही, आणि तिसऱ्याला तीन दिवसांत आराम न पडल्यास दवाखान्यातूनच घेऊन जावी अशी राखून ठेवलेली चिठ्ठी. दुखणे तिन्ही गटांत जवळपास सारख्याच काळात ओसरले, आणि राखीव चिठ्ठीच्या गटातील 69 टक्के रुग्णांनी ती वापरलीच नाही. परंतु या अभ्यासातला अधिक मोलाचा भाग पुढेच आहे. पुन्हा घसा दुखला तर डॉक्टरकडे याल का, असे विचारल्यावर लगेच औषध मिळालेल्यांपैकी 79 टक्के ‘होय’ म्हणाले, तर उरलेल्या दोन गटांत हे प्रमाण साधारण पंचावन्न टक्क्यांच्या आसपास राहिले. औषधाने घसा लवकर बरा झाला नव्हता. मात्र असल्या घशाला डॉक्टरच लागतो, हा धडा रुग्ण त्या चिठ्ठीतून शिकला होता. प्रत्येक चिठ्ठी रोगावर काही करो वा न करो, रुग्णाच्या पुढच्या वागण्यावर करतेच, ही गोष्ट अनुभवी डॉक्टरला मनोमन ठाऊक असते. तिला इथे आकड्यांचा आधार मिळाला.

ही रीत महाराष्ट्रातल्या दवाखान्यात जशीच्या तशी उचलता येत नाही, हेही तितकेच खरे. स्ट्रेप्टोकोकस जातीच्या जिवाणूंमुळे घसा धरल्यावर काही मुलांना संधिवाताचा ताप येतो आणि पुढे हृदयाच्या झडपा निकामी होऊ शकतात. इंग्लंडमध्ये हा आजार आता दुर्मीळ असला, तरी भारतात तो संपलेला नाही. त्यामुळे ताप आहे, खोकला नाही, टॉन्सिलवर पांढरे डाग आहेत आणि मानेत पुढच्या बाजूला दुखऱ्या गाठी लागतात, अशा मुलाला नुसते थांबा म्हणणारा डॉक्टर पुरावा पाळत नसून तो आंधळेपणाने आयात करत असतो. दुसरी अडचण औषधाच्या दुकानाची. जिथे गोळ्या चिठ्ठीवाचूनही मिळू शकतात, तिथे राखून ठेवलेल्या चिठ्ठीचा धाक किती उरणार? म्हणून इथले डॉक्टर चिठ्ठीऐवजी वार राखून ठेवतात: गुरुवारपर्यंत ताप उतरला नाही, तर पैसे न घेता पुन्हा तपासतो, असे सांगतात. याची चाचणी कोणी केली नसेल, पण चाचणीतून निघालेला अर्थ त्यात शाबूत आहे.

मुलांच्या जुलाबांत हे सारे आणखी जवळून दिसते. 1971 मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलरा पसरला आणि शिरेवाटे द्यायचे सलाईन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज यांचे पाणी तोंडाने पाजण्याचा मार्ग मोठ्या प्रमाणावर अवलंबला आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आणले. आतड्यात ग्लुकोजबरोबर सोडियम व त्यामागोमाग पाणी शोषले जाते, हे त्यामागचे शास्त्र. इतका भक्कम पुरावा असूनही या मिश्रणाची, म्हणजे जलसंजीवनीची, पुडी आईला कित्येकदा औषध वाटत नाही, कारण तिने जुलाब लगेच थांबत नाहीत. ती शरीरातले पाणी राखते, आणि राखलेले पाणी डोळ्यांना दिसत नाही. मग सलाईन लावा, नाहीतर ‘जुलाब बंद करणारे’ काही द्या, असा आग्रह होतो.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी 2004 मध्ये जलसंजीवनीच्या जोडीला जस्ताच्या गोळ्या दहा ते चौदा दिवस देण्याची शिफारस केली. जस्ताने जुलाबाचा काळ काहीसा कमी होतो, हे तिचे कारण. पण हरियाणात झालेल्या एका अभ्यासात, जिथे जस्त व जलसंजीवनी एकत्र देण्यावर भर दिला गेला तिथे जलसंजीवनीचा वापर वाढल्याचे आणि इतर औषधे कमी दिली गेल्याचे दिसून आले. आईच्या हातात गोळ्यांची पट्टी आली, तिला उपचार झाल्यासारखे वाटले आणि नको असलेल्या प्रतिजैविकाची जागा आपोआप भरून निघाली. नको ते औषध काढायचे, तर त्या जागी हवे ते काहीतरी ठेवावे लागते. ॲस्पिरिन थांबवणाऱ्या डॉक्टरची अडचण हीच, की त्याच्याकडे ठेवण्यासारखे काही नसते. फार तर रक्तदाब काळजीपूर्वक मोजण्याचे आश्वासन.

चौदा दिवसांची पट्टी मात्र घरोघरी पुरती संपत नाही. जुलाब तिसऱ्या-चौथ्या दिवशी थांबतात, आणि गोळीची चव धातूसारखी लागते. चमच्यात विरघळवून दिली, तरी मूल ओकते. ‘गोळीने उलटी होते’ हे आयांचे गाऱ्हाणे डॉक्टर बराच काळ ऐकून सोडून देत आले होते. भारत आणि टांझानिया येथील 4,500 मुलांवर झालेल्या, 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने नेहमीच्या 20 मिलिग्रॅमची तुलना 10 आणि 5 मिलिग्रॅमशी केली, आणि गोळी दिल्यानंतर अर्ध्या तासात होणारी उलटी हे आपल्या मुख्य मोजमापांपैकी एक ठरवले. कमी मात्रा जुलाबांवर उणी पडली नाही आणि उलट्या कमी झाल्या. दुकानातली पट्टी अनेक ठिकाणी अजून 20 मिलिग्रॅमचीच असते. तरी ज्याने ही चाचणी वाचली आहे, तो डॉक्टर पट्टीत किती गोळ्या उरल्या हे विचारताना आईला दोष देत नाही.