परवाना लावण्यापूर्वी

सॉफ्टवेअरचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला आणि माणसाला वाचता येणारा मजकूर, इंटरनेटवर ठेवला की तो आपोआप सर्वांच्या मालकीचा होतो, हा समज इतका पक्का रुजला आहे की परवान्यांविषयीचे कोणतेही विवेचन त्याच्या खंडनापासूनच सुरू करावे लागते. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रामची गणना साहित्यकृतीत होते, त्यावरील हक्क नोंदणीवाचूनही लेखकाकडे राहतो आणि परवाना न जोडलेला कोड इतरांना दिसला तरी आपल्या कामात वापरण्याची मुभा त्यांना मिळत नाही.

ही मुभा देणाऱ्या परवान्यांची मुख्य कुळे दोन. एमआयटी, बीएसडी आणि अपाचे हे ‘पर्मिसिव्ह’ कुळातले. कोड घ्यावा, बदलावा, आपल्या बंदिस्त उत्पादनात घालून विकावा, मात्र मूळ लेखकाची कॉपीराइट-सूचना आणि परवान्याचा मजकूर पुसू नये, एवढेच त्यांचे प्रमुख मागणे असते. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1989 मध्ये पुढे आणलेला जीपीएल हा ‘कॉपीलेफ्ट’ कुळातला. तो तेवढ्यावर थांबत नाही, तर सुधारलेला प्रोग्राम ज्याच्या हाती दिला जाईल त्याला सोर्स कोड आणि तेच सर्व हक्क मिळाले पाहिजेत, अशी अट घालतो.

या अटीने व्यवहारात काय घडते, हे लिंक्सिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी54जी या निळ्या-काळ्या राउटरवरून चांगले कळते. त्याच्या आत जीपीएलखालील लिनक्स असल्याचे 2003 मध्ये जाणकारांच्या लक्षात आले, कंपनीला कोड खुला करावा लागला आणि त्यातूनच ओपनडब्ल्यूआरटी ही स्वतंत्र प्रणाली उभी राहिली. याउलट, ज्या मिनिक्सवर काम करत लिनक्स लिहिले गेले, ते मिनिक्स पुढे बीएसडी परवान्याखाली आले. इंटेलने ते आपल्या प्रोसेसरसोबतच्या नियंत्रक चिपमध्ये बसवल्याचे त्याचे कर्ते अँड्र्यू टॅनेनबॉम यांना 2017 मध्ये बातम्यांवरून कळले. कायद्याने काहीच बंधन नव्हते, पण सौजन्य म्हणून कळवले असते तर बरे झाले असते, अशा आशयाचे खुले पत्र त्यांनी लिहिले. सौजन्याची अपेक्षा परवान्यात लिहिलेली नसली की ती पत्रातच लिहावी लागते.

जीपीएलचा कोड कंपनीत शिरला की कंपनीचे सारे गुपित उघडे पडते, ही भीती मात्र निराधार असून ती अनुभवी व्यवस्थापकांच्या तोंडूनही ऐकू येते, हे अधिक खेदाचे आहे. जीपीएलची अट वापरावर नाही, वितरणावर आहे: बँकेने असा कोड आपल्याच यंत्रांवर हवा तसा बदलून चालवला तर तिला कोणालाही काही द्यावे लागत नाही, आणि त्याची प्रत ग्राहकाला विकली तरी सोर्स कोड त्या ग्राहकालाच द्यावा लागतो, साऱ्या जगाला नव्हे. विक्रीला तर जीपीएलने कधीच मनाई केलेली नाही. खरी फट दुसरीकडे आहे. सर्व्हरवर प्रोग्राम चालवून लोकांना केवळ त्याची सेवा देणारी कंपनी प्रत कोणाच्याच हाती देत नाही, म्हणून जीपीएलची अट तिला लागूच होत नाही. ही फट बुजवण्यासाठी 2007 मध्ये एजीपीएल तिसरी आवृत्ती आली, जिच्यानुसार बदललेल्या प्रोग्रामशी नेटवर्कवरून संवाद साधणाऱ्यालाही कोड मागता येतो.

तेव्हा जी लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामांत जोडायचा सुटा भाग, जास्तीत जास्त ठिकाणी पोहोचावी असे वाटते, तिला पर्मिसिव्ह परवाना रास्त. त्यातही पेटंटची परवानगी स्पष्ट शब्दांत देणारा अपाचे 2.0 हा एमआयटीपेक्षा उजवा, जरी आखूड मजकुरामुळे एमआयटीच अधिक लाडका आहे. संपूर्ण अॅप्लिकेशन असेल आणि दुसऱ्याने ते बंदिस्त करून विकलेले खपणार नसेल, तर जीपीएल किंवा एजीपीएलच घ्यावा. एकदा इतरांचे योगदान मिसळले की ज्याच्या त्याच्या ओळींवर ज्याचा त्याचा हक्क राहतो; व्हीएलसी प्लेअरचा गाभा जीपीएलवरून सौम्य एलजीपीएलवर नेताना व्हिडिओलॅनच्या मंडळींना जुन्या योगदात्यांना शोधून त्यांची संमती मिळवावी लागली होती. म्हणून परवान्याची फाइल बाहेरच्या माणसाची पहिली ओळ स्वीकारण्याआधीच प्रकल्पात ठेवावी.